क्लायंटची स्मृती साथ सोडू लागते तेव्हा: आर्थिक सल्लागाराने काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

ओळखीच्या सल्लागारांचे मला जे फोन येतात, त्यातले बरेचसे एकाच वाक्याने सुरू होतात. "काकांना आता काही लक्षात राहत नाही, पण मुलाकडे पॉवर ऑफ अॅटर्नी आहे. मग अडचण नाही ना?" अडचण आहे, आणि ती हा फोन यायच्या तीन-चार वर्षं आधी सोडवायची होती.

या कामात चुका होतात त्या बहुतेक क्रमाच्या. कुटुंबाला आधी सांगितलं जातं आणि क्लायंटला शेवटी कळतं. डॉक्टरांचा दाखला आधी आणला जातो, पण तो कशासाठी हवा हे नंतर ठरतं. जे कागद क्लायंट शुद्धीत असतानाच होऊ शकतात, त्यांची आठवण ती वेळ निघून गेल्यावर येते. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. सगळं भारतातल्या कायद्याला धरून आहे. वकील लागेलच, पण त्याच्याकडे जाण्यापूर्वी आणि तिथून परत आल्यावर तुमच्या टेबलावर काय व्हायला हवं, ते इथे आहे.

टप्पा १: आधी स्वतःच्या डोक्यातले गैरसमज काढा

मुखत्यारपत्रापासून, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नीपासून, सुरुवात करू. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणारा माणूस मरण पावला किंवा विकल मनाचा झाला की त्याने दिलेला अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी कुटुंबाने मुखत्यारपत्र करून ठेवलं, नेमक्या त्याच दिवशी ते निकामी होतं. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने निर्णय घेण्याची क्षमता गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे तशी सोय नाही. परदेशी नमुना उतरवून त्यात 'ड्युरेबल' शब्द टाकला, नोटरी केली, म्हणून कलम २०१ बाजूला सरकत नाही. क्लायंट परगावी आहे, पाय मोडला आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, अशा वेळी मुखत्यारपत्र उत्तम. स्मृतिभ्रंशासाठी नाही.

नॉमिनेशनचंही तसंच. नॉमिनीचा हक्क क्लायंटच्या मृत्यूनंतर जागा होतो. क्लायंट हयात आहे आणि सही करण्याच्या स्थितीत नाही, अशा वेळी नॉमिनी म्हणजे शेजारी बसलेला पाहुणा. शिवाय मृत्यूनंतरही नॉमिनी आपोआप मालक होत नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. सेबीने (शेअर बाजाराची नियामक संस्था) जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात अंथरुणाला खिळलेल्या गुंतवणूकदारासाठी नॉमिनीपैकी एकाला खातं चालवण्याचा अधिकार देण्याची सोय मांडली, तीही करार करण्याची क्षमता शाबूत असलेल्या माणसासाठीच आहे. शरीर थकलंय आणि डोकं चालतंय, त्याच्यासाठी. उलट परिस्थितीसाठी नव्हे.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधले आगाऊ निर्देश आणि नामनिर्देशित प्रतिनिधी यांचं नाव कुणी घेतलं, तर ते उपचारांच्या निर्णयांपुरते आहेत. त्या कागदावर मुदत ठेव मोडता येत नाही.

टप्पा २: क्लायंट ठणठणीत असतानाची तयारी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. भारतात ६० वर्षांवरच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के असल्याचा अंदाज आहे. तुमच्याकडे या वयाचे चाळीस क्लायंट असतील, तर त्यातल्या दोघा-तिघांवर ही वेळ येणार असं धरून चाला. ते कोण, हे आज सांगता येत नाही. म्हणून तयारी सगळ्यांची करायची. त्यात कुणाला अपमानही वाटत नाही: "साठीनंतर आम्ही सगळ्यांचंच हे भरून घेतो" या एका वाक्यात काम होतं.

विश्वासू व्यक्तीचं संमतीपत्र. क्लायंटकडून एका पानावर घ्या. त्याला विचारा: तुमच्या वागण्यात बदल दिसला किंवा फसवणुकीची शंका आली तर मी कुणाशी बोलू? काय सांगू? काय सांगायचं नाही? मजकूर साधा ठेवा:

"माझ्या वागण्यात, स्मरणात किंवा व्यवहारांत काळजी वाटण्यासारखा बदल दिसल्यास माझ्या सल्लागाराने खालील व्यक्तीशी संपर्क साधावा, यास माझी संमती आहे. माझ्या गुंतवणुकीची रक्कम व तपशील सांगावेत / सांगू नयेत. या व्यक्तीला माझ्या वतीने कोणताही व्यवहार करण्याचा अधिकार नाही. ही संमती मी केव्हाही मागे घेऊ शकतो."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. ही व्यक्ती मुलगा किंवा मुलगीच असली पाहिजे असं नाही. माझ्या अनुभवात धाकटी बहीण किंवा जुना सहकारी अनेकदा बरा पडतो, कारण वारसाहक्कात त्याचा हात गुंतलेला नसतो. शक्य असेल तर दोन नावं घ्या.

सगळ्या गुंतवणुकीचा एक कागद. बँक खाती, ठेवींच्या तारखा, म्युच्युअल फंडांचे फोलिओ (खाती), डीमॅट, विमा, लॉकर, पेन्शन, मृत्युपत्र कुठे ठेवलंय, वकील कोण, सीए कोण. पासवर्ड आणि पिन त्यात नकोत. क्लायंटच्या हस्ताक्षरात असेल तर फार उत्तम. पुढे हस्ताक्षराची तुलना करायला तोच कागद उपयोगी पडतो.

आवराआवर. सत्तरीनंतर चौदा फंड, सहा बँका आणि शेअर्सची जुनी प्रमाणपत्रं हे वैभव नसतं, ओझं असतं. खाती कमी करा. प्रमाणपत्रं डीमॅटमध्ये आणा. दरमहा लागणारी रक्कम एसडब्ल्यूपीने (फंडातून ठरावीक रक्कम नियमित काढून देणारी सोय) आपोआप घरखर्चाच्या खात्यात पडेल अशी व्यवस्था करा, आणि ते खातं जोडीदाराबरोबर किंवा विश्वासातल्या माणसाबरोबर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणा एकाच्या सहीने चालणारं, असू द्या. आरोग्य विम्याचा हप्ता आपोआप कापला जाऊ द्या. स्मृती ढासळू लागली की चुकणाऱ्या पहिल्या गोष्टींत हा हप्ता असतो, आणि पॉलिसी बंद पडल्यावर त्या वयात नवी मिळणं दुरापास्त. पेन्शन असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला कोण आठवण करून देणार, तेही त्या कागदावर लिहा.

म्युच्युअल फंडाच्या एकल नावाच्या फोलिओत दुसरं नाव नंतर घालणं हे बँक खात्याइतकं सरळ नसतं. म्हणून नवी गुंतवणूक करतानाच संयुक्त नावांचा विचार करा. संयुक्त नाव म्हणजे मालकीचा गुंता वाढू शकतो, हेही क्लायंटला त्याच बैठकीत सांगा.

मृत्युपत्र आणि खासगी न्यास (ट्रस्ट). मृत्युपत्रासाठी भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे शुद्ध मन हवं आणि दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद होण्यासारखं घर असेल तर करून घ्यावी. ज्यांच्याकडे मालमत्ता मोठी आहे, मुलं परदेशी आहेत किंवा एक मूल अपंग आहे, त्यांच्यासमोर रद्द करता येण्याजोग्या खासगी न्यासाचा पर्याय ठेवा. क्लायंट स्वतः पहिला विश्वस्त असतो आणि त्याला जमेनासं झालं की पुढचा विश्वस्त काम हातात घेतो. क्षमता गेल्यावरही कोर्टाची पायरी न चढता व्यवहार चालू ठेवणारा आपल्याकडचा हा जवळजवळ एकमेव मार्ग. अट इतकीच की विश्वस्त बदलण्याची वेळ कोण आणि कशावरून ठरवणार, हे दस्तात स्पष्ट हवं. 'दोन डॉक्टरांचं लेखी मत' अशी साधी तरतूद चालते. मुद्रांक, नोंदणी, प्राप्तिकर हे वकील आणि सीए बघतील.

इशारा: तुम्ही स्वतः, तुमची पत्नी किंवा तुमच्या ऑफिसातला कुणी क्लायंटचा नॉमिनी, मुखत्यार, विश्वस्त किंवा मृत्युपत्रातला लाभार्थी होऊ नका. क्लायंट प्रेमाने आग्रह करेल, तरीही नाही. कोऱ्या सही केलेल्या फॉर्मचा गठ्ठा 'सोयीसाठी' ठेवायची जुनी सवय असेल तर तो आजच फाडा.

तपासा: ६० वर्षांवरच्या प्रत्येक क्लायंटच्या फाइलीत संमतीपत्र, गुंतवणुकीचा कागद आणि मृत्युपत्राबद्दलची नोंद आहे का? नसेल तर पुढच्या वार्षिक बैठकीचा विषय ठरला.

टप्पा ३: बदल टिपा, निदान करू नका

एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचं खातं माझ्याकडे अकरा वर्षं होतं. दर तिमाहीचं स्टेटमेंट त्या लाल पेनाने तपासायच्या, प्रत्येक आकड्याखाली बारीक रेघ. एका बैठकीत त्यांनी पिशवीतून स्टेटमेंट काढलं तेव्हा रेघा पानाच्या मध्यावर थांबलेल्या होत्या. शेवटची रेघ आकड्याखाली नव्हतीच, दोन ओळींच्या मधून तिरकी गेली होती. त्या हसून म्हणाल्या, "आता तूच बघ रे बाबा." मी तो विश्वास समजलो. फाइलीत काही लिहिलं नाही. आठ महिन्यांनी त्यांचा विम्याचा हप्ता चुकला तेव्हा ती तिरकी रेघ आठवली.

महत्त्वाचं काय, तर त्या माणसाच्या स्वतःच्या सवयीपासूनचा फरक. आयुष्यभर विसराळू असलेला क्लायंट छत्री विसरून गेला तर ती बातमी नाही. हे मात्र टिपा:

एकाच आठवड्यात त्याच प्रश्नाचा तिसरा फोन, आणि आधीच्या दोन फोनांची आठवण नाही. धनादेशावर अंकात एक आणि अक्षरात दुसरी रक्कम. सही थरथरीत होणं हे वयाचं असू शकतं, पण सहीतलं एखादं अक्षरच गळणं वेगळं. न उघडलेली पाकिटं. पूर्वी तोंडी करायचे ते व्याजाचे हिशेब जमेनासे होणं. जन्मभर मुदत ठेवीवाल्याने अचानक वायदे बाजाराबद्दल विचारणं. एक वर्षात नॉमिनी दोनदा बदलणं. तुम्ही प्रश्न विचारलात की उत्तरासाठी शेजारच्या माणसाच्या तोंडाकडे बघणं. आणि फोनवर मागून येणारा, तुम्ही कधी न ऐकलेला आवाज, जो काय बोलायचं ते सांगतोय.

नोंद करताना जे दिसलं तेवढंच लिहा. "क्लायंटला अल्झायमर वाटतो" हे वाक्य फाइलीत कधीही नको. तुम्ही डॉक्टर नाही आणि उद्या ती फाइल कोर्टात वाचली जाऊ शकते. "दि. अमुक रोजी ११.२० वाजता फोन. ठेवीची मुदत विचारली. हाच प्रश्न काल व परवा विचारला होता, ते आठवत नसल्याचे सांगितले" असं लिहा.

इशारा: गोंधळ काही दिवसांतच वाढला असेल तर तो स्मृतिभ्रंश नसण्याचीच शक्यता जास्त. लघवीच्या मार्गाचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, नव्या गोळ्या, डोक्याला लागलेला मार यामुळे म्हातारा माणूस दोन दिवसांत भ्रमिष्टासारखा वागू शकतो आणि उपचारांनी पूर्ण बराही होतो. घरच्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला सांगा. हळूहळू आलेल्या विसराळूपणामागेही बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य किंवा नुसतं कमी ऐकू येणं असू शकतं. मी एकदा 'काकांना कळत नाही' असं ठरवून मोकळा झालो होतो. त्यांच्या कानातल्या यंत्राची बॅटरी संपली होती.

टप्पा ४: बैठकीची पद्धत बदला

बैठक सकाळी ठेवा. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो. शक्यतो त्यांच्या घरी, टीव्ही बंद, चष्मा डोळ्यावर, कानाचं यंत्र चालू. एका बैठकीत एकच निर्णय. तिघांनी एकदम बोलायचं नाही.

पहिली दहा मिनिटं क्लायंटशी एकट्याने बोला. मुलगा किंवा सून उठायला तयार नसेल तर "आमच्याकडे नियमच आहे" म्हणा आणि तो खरोखर नियम करा. या दहा मिनिटांत एकच प्रश्न पुरतो: "काका, हे करायचं कुणाच्या मनात आलं?"

समजलं का, असं विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात, विशेषतः ज्यांना समजलेलं नसतं ते. त्याऐवजी म्हणा, "मी नीट सांगितलं की नाही ते मला कळू दे. आता हे पैसे कुठे जाणार आणि त्यात धोका काय, ते तुमच्या शब्दांत सांगा." बैठक संपल्यावर मोठ्या अक्षरांत, मराठीत, अर्ध्या पानाचा सारांश द्या. दोन-तीन दिवसांनी फोन करून तोच प्रश्न पुन्हा विचारा. दोन्ही उत्तरं जुळली तरच व्यवहार पुढे न्या.

मोठी रक्कम, नवा लाभार्थी किंवा नॉमिनीतला बदल असेल तर ऑफिसात दोन माणसांनी बघितल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ नये. एकटे काम करत असाल तर किमान ४८ तासांचा थांबा स्वतःवर घाला. बाजार कुठे पळून जात नाही.

टप्पा ५: क्षमता या निर्णयापुरती तपासा

इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. क्षमता म्हणजे दिव्याचं बटण नाही, चालू किंवा बंद. करार कायद्याचं कलम १२ विचारतं ते एवढंच: करार करतेवेळी त्या माणसाला तो समजतो का, आणि स्वतःच्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा विवेकाने विचार करता येतो का. त्याच कलमात असंही आहे की एरवी विकल मनाचा असलेला माणूसही शुद्धीत असतानाच्या काळात करार करू शकतो. म्हणजे निदान झालं म्हणून क्षमता गेली असं नाही, आणि निदान नाही म्हणून ती आहे असंही नाही. घरखर्चाचे पैसे काढण्याचा निर्णय जमणाऱ्या माणसाला घर बक्षीसपत्राने देण्याचा निर्णय जमेलच असं नाही.

स्वतःच्या मनाशी चार गोष्टी तपासा. क्लायंटला माहिती कळते का? निर्णय होईपर्यंत ती लक्षात राहते का? दोन पर्यायांचं बरंवाईट तोलता येतं का? आणि निवड सांगता येते का, मग ती बोलून असो, लिहून असो वा खूण करून? सगळ्यात आधी ढासळतं ते बहुधा तोलणं. माणूस गोड बोलतो, जुन्या गोष्टी तारखांसकट सांगतो आणि बघणाऱ्याला वाटतं, ठीक तर आहेत. पण "हे केलं नाही तर काय होईल?" या प्रश्नावर तो विषय बदलतो.

चुकीचा निर्णय म्हणजे क्षमता नसणं नव्हे. क्लायंटला आपले पैसे पुतणीला द्यायचे असतील आणि कारण नीट सांगता येत असेल, तर ते तुम्हाला किंवा मुलाला न पटणं ही वेगळी गोष्ट आहे.

शंका उरली तर डॉक्टर. मेंदूविकारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा वृद्धरोगतज्ज्ञ. "मेमरी तपासा" एवढंच सांगून पाठवलंत तर ३० पैकी गुण लिहिलेला कागद परत येईल, आणि त्या गुणावरून मृत्युपत्र करता येतं की नाही ते कळणार नाही. क्लायंटच्या संमतीने पत्र द्या आणि प्रश्न नेमका लिहा: "यांना स्वतःच्या नावावरील घर न्यासात देण्याच्या निर्णयाचे स्वरूप व परिणाम आज समजतात काय?" दाखल्यावर तारीख, वेळ, तपासणी कशी केली आणि मत कशावरून बनवलं हे हवं.

तपासा: दाखला कागद होण्याच्या दिवशीचा किंवा अगदी जवळचा आहे का? सहा महिन्यांपूर्वीच्या दाखल्यावर आज केलेलं मृत्युपत्र वारसांच्या वकिलाला आयतं मिळालेलं हत्यार असतं.

टप्पा ६: कुटुंबाशी बोला, पण क्लायंटनंतर

क्रम असा: क्लायंट, मग संमतीपत्रातली विश्वासू व्यक्ती, मग संमती असेल तेवढंच बाकीच्यांना. क्लायंटशी बोलताना आजाराचं नाव घेऊ नका. "काकू, गेल्या महिन्यात दोन हप्ते राहिले. पूर्वी असं कधी झालं नव्हतं. मला जरा काळजी वाटली. तुमच्या बहिणीशी बोलू का?" बहुतेक जण हो म्हणतात. कित्येकांना सुटल्यासारखं होतं, कारण हे आधी त्यांच्याच लक्षात आलेलं असतं आणि ते लपवून लपवून दमलेले असतात.

राग आला तर ताणू नका. आठवड्याने पुन्हा.

संमतीपत्र नसेल आणि मुलाने फोन करून "बाबांचं सगळं किती आहे ते सांगा" म्हटलं, तर आकडे देऊ नका. त्याचं ऐकून मात्र घ्या. ऐकायला संमती लागत नाही, आणि घरात काय चाललंय ते तिथूनच कळतं. भावाभावांत वाद असेल तर तुमचा क्लायंट कोण, हे दोघांना एकाच भाषेत लेखी सांगा. तुमचे क्लायंट काका आहेत. उद्या ज्याच्या नावावर हे सगळं होईल तो नव्हे. भले पुढचा व्यवसाय त्याच्याकडूनच येणार असेल.

टप्पा ७: सुरुवातीचा आजार, थोडाच वेळ हातात

निदान झालंय, पण क्लायंटला अजून कळतंय, असे काही महिने किंवा वर्षं मिळतात. किती, ते कुणी सांगू शकत नाही. टप्पा २ मधलं जे राहिलं असेल ते आता या क्रमाने उरका. आधी घरखर्चाची सोय: संयुक्त खातं, एसडब्ल्यूपी, आपोआप कापले जाणारे हप्ते. मग मृत्युपत्र. मग न्यास, कारण त्याला वेळ लागतो. जोखीम सगळ्यात शेवटी कमी करा, पण करा. जो पोर्टफोलिओ दर तिमाहीला निर्णय मागतो तो या माणसाला आता चालणार नाही. रिस्क प्रोफाइल (क्लायंटला किती जोखीम चालेल त्याची नोंद) नव्याने भरा आणि बदलाचं कारण लिहा.

मृत्युपत्राच्या दिवशी डॉक्टरांचा दाखला त्याच सकाळचा हवा. साक्षीदार लाभार्थ्यांपैकी नकोत. साक्षीदारांतच एक डॉक्टर असतील तर उत्तम. व्हिडिओ करणार असाल तर क्लायंटला स्वतःच्या शब्दांत बोलू द्या. वाचून दाखवलेल्या मजकुरावर मान डोलावल्याचा व्हिडिओ फायद्यापेक्षा तोटाच करतो.

टप्पा ८: क्षमता गेल्यावर

त्या दिवसापासून क्लायंटकडून, किंवा त्याच्या वतीने इतर कुणाकडून, नवी सूचना घेणं थांबवा. आधीपासून चालू असलेलं एसडब्ल्यूपी किंवा हप्ते चालू राहतात, आणि म्हणूनच ते आधी लावायचे असतात.

सगळ्यात जास्त होणारी चूक इथली आहे, आणि ती चांगल्या घरांतही होते. बाबांचा मोबाइल मुलीकडे असतो, ओटीपी तिच्याकडे येतो, ती लॉगिन करून फंड विकते आणि हॉस्पिटलचं बिल भरते. हेतू शुद्ध. पण तो व्यवहार बाबांनी केलेला नाही, आणि तुम्ही तिला फोनवर "आता रिडीमवर दाबा" असं सांगितलं असेल तर तुम्हीही त्यात आहात. उद्या भावाने तक्रार केली की हेतू विचारायला कुणी थांबत नाही.

संयुक्त खात्यातून दुसरा खातेदार घरखर्च चालवू शकतो, पण पहिल्याची क्षमता गेल्याचं कळल्यावर बँक खात्यावर अटी आणू शकते. त्या बँकेचं धोरण आधीच विचारून ठेवा. आणखी एक: हात चालत नसल्यामुळे सही करू न शकणाऱ्या खातेदाराच्या अंगठ्याच्या ठशावर, ओळख पटवणारे दोन साक्षीदार घेऊन, बँका पैसे देतात. ती सोय शरीराच्या असमर्थतेसाठी आहे. ज्याला व्यवहार कळत नाही त्याचा अंगठा धरून कागदावर टेकवणं ही सोय नव्हे.

यापलीकडे काही करायचं तर कोर्टाकडून पालकाची (गार्डियनची) नेमणूक. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७ च्या कायद्याने तो रद्द केला आणि तशी तरतूद पुन्हा आणली नाही. त्यामुळे कुटुंबं राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जातात. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातल्या व्यक्तींच्या पालकत्वासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयानेही अशा अर्जांवर पालक नेमले आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या मर्यादित पालकत्वाचा मार्ग लागू पडतो का, ते वकील ठरवेल. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खालच्या स्थानिक समितीकडे मात्र हेलपाटे घालू नका. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. स्मृतिभ्रंश त्यात बसत नाही.

तुमचं काम वकिलाला फाइल तयार करून देणं. मालमत्तेची आणि देण्यांची यादी, दरमहा खर्चाचा अंदाज, कोणती गुंतवणूक कधी मोडावी लागेल, सगळ्या वारसांची नावं आणि पत्ते. आदेश आला की तो नीट वाचा. पालकाला काय विकता येतं, कशाला कोर्टाची परवानगी लागते, हिशेब कधी द्यायचा, हे त्यात असतं. आदेशात जे लिहिलेलं नाही त्यासाठी तुमच्याकडे फॉर्म आला तर परत पाठवा.

टप्पा ९: फसवणुकीची शंका आली तर

'डिजिटल अरेस्ट'चा, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून घाबरवणारा, फोन, बनावट केवायसी, 'आजोबा, मी अडचणीत आहे' असं सांगणारा आवाज. पैसे गेले असतील तर पहिले काही तास मोलाचे. त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन, बँकेला कळवणं, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार. पैसे अजून जायचे असतील तर क्लायंटला फोनवर बोलत ठेवा आणि विश्वासू व्यक्तीला दुसऱ्या फोनवरून बोलवा. "तुम्हाला फसवलंय" असं एकदम सांगितलं तर क्लायंट फसवणाऱ्याचीच बाजू घेतो. "एकदा त्यांचा नंबर मला द्या, मीही बोलतो" हे जास्त चालतं.

शंका घरातल्याच माणसावर असेल तर त्याला सांगून सावध करू नका आणि विश्वासू व्यक्ती तीच आहे का, ते आधी बघा. दुसरं नाव घ्यायला लावलं ते याचसाठी. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. सेवा आणि देखभाल करण्याच्या अटीवर घर नावावर करून घेतलं आणि मग वाऱ्यावर सोडलं, असं असेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ वकिलाला दाखवा. त्याखाली ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. मात्र दस्तात सांभाळण्याची अट लिहिलेली असली तर काम खूप सोपं होतं. बक्षीसपत्र करायला निघालेल्या प्रत्येक ज्येष्ठ क्लायंटला हे आधी सांगा.

टप्पा १०: फाइलीत काय उरलं पाहिजे

सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला नोंदी किमान पाच वर्षं ठेवाव्याच लागतात. अशा क्लायंटच्या बाबतीत मी त्या टाकतच नाही. नोंद त्याच दिवशी, आणि या धर्तीवर:

"भेट घरी, सकाळी १०.१५ ते ११. पहिली १० मिनिटे एकट्याशी. विषय: ठेव क्र. ३ ची मुदत. ठेव पुन्हा ठेवायची की खात्यात घ्यायची, हे स्वतःच्या शब्दांत सांगितले. व्याज किती ते विचारले. 'नको, दवाखान्याला लागतील, खात्यातच घे' असे कारण दिले. मुलगी १०.२५ ला आली, तिने मत दिले नाही. सारांश मोठ्या अक्षरात दिला. फोन गुरुवारी."

आणि गुरुवारी फोन केल्यावर त्याच पानावर खालची ओळ भरायची. उत्तर जुळलं नाही तर फॉर्म टेबलावरच थांबतो आणि तुम्ही टप्पा ५ वर परत जाता.